सरदार सरोवर आणि सातपुड्यातली ३३ गावं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नर्मदेच्या लढ्याबद्दल कुठेही बोलायला उभं राहिलं, की फिरून फिरून तेच प्रश्न येतात. कॉलेजातली मुलं विचारतात, निवृत्त इंजिनिअर विचारतात, आणि ज्यांच्या स्वतःच्या गावावर आता धरण येऊ घातलंय तेही विचारतात. बोलणं नेहमी गुजरात आणि मध्य प्रदेशावर जातं, महाराष्ट्राच्या वाट्याला चार वाक्यं उरतात. म्हणून इथे मुख्यतः नंदुरबारच्या गावांबद्दल लिहिलं आहे.

धरण गुजरातेत आहे, मग महाराष्ट्रातली गावं कशी बुडाली?

भिंत गुजरातेत केवडियाजवळ आहे. पण धरणाचं पाणी मागे फुगत जातं, आणि सरदार सरोवराची ही फूग सुमारे २१४ किलोमीटर लांब आहे. या पट्ट्यात नर्मदा काही अंतर महाराष्ट्राच्या उत्तर सीमेवरून वाहते. दक्षिणेचा काठ सातपुड्याचा, म्हणजे आपला. त्या काठावरची अक्कलकुवा तालुक्यातली ९ आणि अक्राणी म्हणजे धडगाव तालुक्यातली २४ अशी ३३ गावं बुडितात आली. मध्य प्रदेशातली १९३ आणि गुजरातेतली १९ धरली की एकूण २४५ होतात.

मणिबेली, धनखेडी, चिमलखेडी, बामणी, डनेल, मुखडी, निमगव्हाण, डोमखेडी, भुषा, भादल. आपल्यापैकी बहुतेकांनी ही नावं पहिल्यांदा वाचली ती आंदोलनाच्या बातम्यांत. तेव्हा हा भाग धुळे जिल्ह्यात होता. नंदुरबार जिल्हा वेगळा झाला तो १ जुलै १९९८ रोजी.

महाराष्ट्राला या धरणातून काय मिळणार होतं?

विजेतला २७ टक्के वाटा आणि थोडंसं पाणी. त्या बदल्यात सुमारे साडेसहा हजार हेक्टर जंगल आणि ही गावं.

१३८.६८ मीटर ही भिंतीची उंची का?

नाही. हा आकडा समुद्रसपाटीपासूनचा आहे, जलाशय पूर्ण भरल्यावर पाणी जिथवर चढतं ती पातळी. जुन्या कागदांत ती ४५५ फूट अशी दिसते. गावातल्या माणसाला मात्र यातून एकच गोष्ट हवी असायची: माझ्या घराचा उंबरा या रेषेच्या वर आहे की खाली? याचं सरळ उत्तर मिळायला कित्येक घरांना वर्षानुवर्षं लागली. धरणाची उंची (हीही समुद्रसपाटीपासूनच मोजलेली) ८० मीटर, ९०, ९५, १००, ११०, १२१.९२ अशी टप्प्याटप्प्याने वाढत गेली, त्यामुळे दर दोन-तीन वर्षांनी नवी घरं, नवी शेतं रेषेखाली यायची. एकाच गावात धाकट्या भावाचं घर गेलंय आणि थोरल्याचं अजून उभं आहे, असं पंधरा-वीस वर्षं चाललं.

एकूण किती कुटुंबं विस्थापित झाली?

सगळ्या लढ्याचं मूळ या प्रश्नात आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

नर्मदा पाणी तंटा लवाद १९६९ मध्ये नेमला गेला आणि त्याचा निवाडा १९७९ मध्ये लागू झाला. त्या निवाड्यात महाराष्ट्रातली बाधित गावं २७ आणि कुटुंबं ४५६ धरली होती. पुढे गावं ३३ झाली आणि सरकारी यादीतलीच कुटुंबं चार हजारांच्या वर गेली. दहापट फरक आहे हा. यातला काही भाग वाढत्या पिढीचा, पण मोठा भाग आधी न मोजलेल्या माणसांचा आहे.

धरण बांधायचं की नाही, फायदा जास्त की तोटा, हा सगळा हिशेब त्या ४५६ वर मांडला गेला होता. खर्चाची बाजू दहापटीने कमी धरली तर कुठलाही प्रकल्प परवडतो. गावांनी सुरुवातीपासून हेच विचारलं: आम्ही किती आहोत हे तुम्हाला माहीत नाही, मग आम्हाला नेणार कुठे आणि देणार काय?

मोजणीत इतकी माणसं सुटली कशी? सातबारा नव्हता का?

बहुतेकांकडे नव्हता. अक्राणीतली बरीच गावं कागदावर वनगावं होती. जमीन वनखात्याची, गाव वनखात्याच्या हद्दीत, महसुली मोजणी झालेलीच नाही. माणूस चार-पाच पिढ्या तेच रान कसतोय, ज्वारी, मका, तूर पिकवतोय, आणि सरकारी भाषेत तो ‘अतिक्रमणदार’. ज्याच्या पणजोबाने लावलेला आंबा बांधावर उभा आहे त्याला अतिक्रमणदार म्हणणं मला आजही सहन होत नाही.

दुसरी अडचण मुलग्यांची. लवादाने सांगितलं होतं, की पाव हिश्शापेक्षा जास्त जमीन जाणाऱ्या प्रत्येक खातेदार कुटुंबाला किमान २ हेक्टर ओलिताची जमीन द्यायची आणि सज्ञान मुलगा हे वेगळं कुटुंब धरायचं. महाराष्ट्राने सज्ञानतेसाठी १ जानेवारी १९८७ ही तारीख धरली. त्या दिवशी तुम्ही अठरा वर्षांचे होतात हे सिद्ध करा. जन्मदाखला नाही, शाळा नाही, दवाखाना नाही. तलाठी चेहरा बघून वय लिहायचा.

एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीला सरकार आणि आंदोलन यांनी मिळून गावोगाव पडताळणी केली, तेव्हा काही आठवडे टेप धरायला आणि रजिस्टर लिहायला मीही होतो. एका पाड्यावर एक म्हातारी आपल्या मुलाचं वय सांगत होती. वर्षाचा आकडा तिला ठाऊक नव्हता. ती म्हणाली, “मोठा पूर आला तेव्हा हा माझं बोट धरून डोंगर चढला. पाठीवर धाकटी होती.” तो पूर १९७० चा. बोट धरून डोंगर चढणारं पोर दोन-अडीच वर्षांचं असणारच, म्हणजे जन्म १९६८ च्या आसपासचा, म्हणजे १९८७ च्या त्या तारखेला तो सज्ञान. तिच्या एका वाक्यात पोराची जमीन होती. जुन्या यादीत त्याचं वय सोळा लिहिलेलं होतं.

आणि बायका? विधवा, टाकलेल्या, एकट्या राहणाऱ्या कितीतरी बायका दिराच्या नाहीतर भावाच्या नावाखाली गेल्या होत्या. त्यांना शोधून काढायला प्रत्येक चुलीपाशी बसावं लागलं, कारण सभेत पुरुष बोलायचे आणि ही नावं निघायचीच नाहीत.

गावकऱ्यांना धरणाची बातमी कधी कळली?

पायाभरणी ५ एप्रिल १९६१ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते झाली. सातपुड्यातल्या गावांना मात्र कुणी येऊन समजावून सांगितलं नाही. लोकांनी पाहिले ते मोजणीचे दगड. कुणी तरी येऊन डोंगराच्या अंगावर आकडे लिहिलेला दगड रोवून गेलं, आणि पोरं त्यावर बसून गुरं राखायला लागली. त्या दगडापर्यंत पाणी येणार आहे, हे नीट उमगलं ते १९८० नंतर.

संघटना उभी कशी राहिली?

टाटा समाजविज्ञान संस्थेतून बाहेर पडून मेधा पाटकर १९८५ मध्ये या खोऱ्यात आल्या आणि गावोगाव पायी फिरल्या. १९८६ मध्ये महाराष्ट्रात नर्मदा धरणग्रस्त समिती उभी राहिली. मध्य प्रदेशात नर्मदा घाटी नवनिर्माण समिती होती. या सगळ्यांचं मिळून पुढे नर्मदा बचाओ आंदोलन झालं.

तारखांनी संघटना समजत नाही, म्हणून रोजचं काम कसं चालायचं ते सांगतो. गावं म्हणजे एका जागी घरं नव्हेत. एकेका टेकडीवर एकेक पाडा, मधे ओढे. एका गावाचे सगळे पाडे फिरायला दिवस जायचा. दिवसा माणसं शेतात, म्हणून बैठक रात्री, शेकोटीभोवती. बोलणं हिंदी-मराठीतून व्हायचं, मग कुणी तरी ते पावरीत किंवा भिलोरीत फिरवून सांगायचं आणि मग तासभर गावातल्या गावात चर्चा चालायची. बाहेरून आलेला कार्यकर्ता तेव्हा गप्प बसून राहायचा. मतदान नसायचं. सगळ्यांचं एकमत होईपर्यंत उठायचं नाही, आणि झालं की ते गावाचं. जातपंच, कारभारी, पुजारा यांची जुनी बसायची रीत होती, तीच कामी आली. संघटना बाहेरून आणून रोवली असती तर ती पहिल्या लाठीमारात मोडली असती.

धरण्याला जायचं तर घरटी एक माणूस. प्रत्येकाने आपलं पीठ, मीठ, मिरची बांधून आणायचं. मागे राहिलेल्यांनी त्याचं शेत बघायचं. मुंबई-दिल्लीच्या फुटपाथवर महिना-महिना बसलेली माणसं घरी पेरणी झाली का, याच चिंतेत असायची आणि पेरणी झालेली असायची.

सुरुवातीपासूनच धरणाला विरोध होता का?

नाही. पहिली दोन-तीन वर्षं मागणी पुनर्वसनाची आणि माहितीची होती: जमीन कुठे आहे ते दाखवा, आराखडा दाखवा, किती जण आहेत ते सांगा. जमीन नाही, आराखडा नाही, हे स्पष्ट झाल्यावर ऑगस्ट १९८८ मध्ये धरणालाच विरोध जाहीर झाला. सप्टेंबर १९८९ मध्ये मध्य प्रदेशातल्या हरसूदला देशभरातून हजारो माणसं जमली. ‘कोई नहीं हटेगा, बांध नहीं बनेगा’ ही घोषणा त्या काळातली.

सगळे एका मताचेही नव्हते. गुजरात सरकारने डिसेंबर १९८७ मध्ये सज्ञान मुलगे आणि अतिक्रमणदार धरून सगळ्यांना २ हेक्टर देण्याचं धोरण आणलं, तेव्हा गुजरातेत काम करणाऱ्या आर्च वाहिनी या संस्थेने ते स्वीकारून पुनर्वसनाच्या कामाला लागणं पसंत केलं. मणिबेलीतलीही काही कुटुंबं गुजरातेत परवेट्याला गेली. एका गावातली अर्धी घरं गेली आणि अर्धी राहिली की काय होतं ते मी पाहिलंय. लग्नं अडतात, देवाच्या कामाला माणसं पुरत नाहीत. जे गेले त्यांना दोष द्यायला माझी जीभ रेटत नाही. पोराबाळांसाठी जमीन दिसली, ते गेले.

आंदोलनाने आधी मोजणी रोखली आणि नंतर मोजणीच मागितली. हा विरोधाभास नाही का?

हा प्रश्न सगळ्यात अवघड आहे आणि तो टाळू नये असं मला वाटतं.

नव्वदच्या आसपास गावांनी सर्वे करणाऱ्यांना गावबंदी केली. बुडिताच्या रेषेचे दगड उपटले. त्यामागचं म्हणणं असं, की मोजू दिलं म्हणजे धरणाला होकार दिला असं लिहितील. ते खरंही होतं. मोजणी व्हायची ती ‘हलवण्यासाठी’, विचारण्यासाठी नव्हे. या संघर्षाची किंमतही मोजावी लागली. १९ नोव्हेंबर १९९३ रोजी चिंचखेडीला सर्वेला विरोध करणाऱ्या गावकऱ्यांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि एक आदिवासी मुलगा मारला गेला. पंधरा वर्षांचा.

पुढे पाणी प्रत्यक्ष चढायला लागलं, कोर्टाने बांधकामाला परवानगी दिली, तेव्हा यादीत नाव नसणं म्हणजे काहीच न मिळणं झालं. मग तीच गावं म्हणाली, आता मोजा, पण आमच्यासमोर मोजा. निवृत्त न्यायमूर्ती एस. एम. दाऊद यांच्या समितीने २००१ मध्ये महाराष्ट्रातल्या पुनर्वसनाची पाहणी केली. त्यानंतर सरकार आणि आंदोलन यांचा संयुक्त टास्क फोर्स आला आणि ग्रामसभेत, सगळ्यांच्या देखत याद्या वाचल्या गेल्या. ‘घोषित’ म्हणजे सरकारने विस्थापित म्हणून यादीत घेतलेले आणि ‘अघोषित’ म्हणजे न घेतलेले, हे दोन शब्द तेव्हापासून लहान पोरांच्याही तोंडी आहेत.

माझं मत विचाराल तर, मोजणी रोखणं चूक नव्हतं, पण त्याच काळात गावांनी स्वतःची मोजणी करून ठेवायला हवी होती. सरकारला दाखवायला नव्हे, स्वतःसाठी. प्रत्येक घर, प्रत्येक शेत, प्रत्येक महू म्हणजे मोहाचं झाड, साक्षीदारांच्या अंगठ्यासह. ती असती तर १९८७ ची तारीख सिद्ध करायला म्हाताऱ्यांना पुरांच्या आठवणी धुंडाळाव्या लागल्या नसत्या.

मणिबेलीचं नाव जगभर कसं गेलं?

मणिबेली हे महाराष्ट्रातलं भिंतीला सगळ्यात जवळचं गाव, म्हणून पाणी पहिल्यांदा तिथे. १९९१ पासून तिथे पावसाळी सत्याग्रह सुरू झाला. माणसं ठरवून बसली, की घर सोडायचं नाही. पोलीस आले, अटका झाल्या, १९९३ च्या पावसाळ्यात घरं गेली. गावातलं शूलपाणेश्वराचं प्राचीन मंदिर १९९४ मध्ये बुडालं. नर्मदेची परिक्रमा करणारे त्या देवाच्या दर्शनाला थांबायचे.

त्याच वर्षी ४४ देशांतल्या ३२६ संघटनांनी ‘मणिबेली जाहीरनामा’ काढला. मागणी अशी होती, की जागतिक बँकेने मोठ्या धरणांना पैसा देणं थांबवावं. रस्ता, वीज, टपाल यातलं काहीच ज्या गावाला नव्हतं, त्याचं नाव वॉशिंग्टनमधल्या टेबलावर गेलं.

जागतिक बँकेने पैसे का थांबवले?

बँकेने १९८५ मध्ये ४५ कोटी डॉलरचं कर्ज मंजूर केलं होतं. डिसेंबर १९९० मध्ये मध्य प्रदेशात बडवानीजवळच्या राजघाटवरून निघालेली यात्रा गुजरातच्या सीमेवर फेरकुव्याला अडवली गेली. हात बांधून चालत निघालेल्या तुकड्या, कडाक्याची थंडी, बाबा आमटे यांची तिथली उपस्थिती आणि तीन आठवडे चाललेलं उपोषण, यानंतर बँकेला स्वतंत्र पाहणी नेमावी लागली. ब्रॅडफर्ड मोर्स आणि थॉमस बर्जर यांचा अहवाल जून १९९२ मध्ये आला. पुनर्वसन आणि पर्यावरण या दोन्ही बाबतींत अभ्यासच अपुरा आहे, असं त्यांनी लिहिलं. मार्च १९९३ मध्ये उरलेलं कर्ज घेणार नाही असं भारताने जाहीर केलं. धरण मात्र राज्याच्या पैशातून चालू राहिलं.

सुप्रीम कोर्टात काय झालं?

१९९४ मध्ये याचिका दाखल झाली. १९९५ पासून काम ८०.३ मीटरवर थांबलं आणि जवळपास चार वर्षं थांबून राहिलं. १९९९ मध्ये ८५ मीटरपर्यंत परवानगी मिळाली. १८ ऑक्टोबर २००० रोजी दोन विरुद्ध एक अशा बहुमताने निकाल लागला. बांधकाम चालू द्या, पण पुनर्वसन उंचीच्या बरोबरीने करा. न्यायमूर्ती भरुचा यांनी वेगळं मत नोंदवलं: पर्यावरणाच्या परवानगीसाठीचा अभ्यासच पुरा झालेला नाही, तो आधी व्हावा. २००५ च्या निकालात सज्ञान मुलांच्या जमिनीच्या हक्काला कोर्टाने पाठबळ दिलं. २०१४ मध्ये पूर्ण उंचीला परवानगी, १७ सप्टेंबर २०१७ रोजी लोकार्पण, आणि २०१९ च्या सप्टेंबरात जलाशय पहिल्यांदा काठोकाठ.

डोमखेडीला माणसं पाण्यात उभी का राहिली?

कारण बोलून झालं होतं. १९९९ च्या पावसाळ्यात पाणी सत्याग्रहाच्या झोपडीत शिरलं, आणि मेधाताई व गावकरी छातीएवढ्या पाण्यात तासन्‌तास उभे राहिले. पुण्या-मुंबईत बसून हे आत्महत्येसारखं वाटायचं. गावकऱ्यांचं म्हणणं वेगळं होतं: पाणी आमच्याकडे आलंय, आम्ही पाण्याकडे गेलेलो नाही.

जीवनशाळा म्हणजे काय?

सरकारी शाळा कागदावर होत्या, गुरुजी कधी आलेच तर १५ ऑगस्टला झेंड्यापुरते. म्हणून गावांनी १९९१-९२ च्या सुमाराला स्वतःच्या निवासी शाळा काढल्या. चिमलखेडी आणि निमगव्हाण इथल्या पहिल्या. बांबूच्या कुडाच्या भिंती, पहिली ते चौथी, सुरुवात पावरी-भिलोरीतून आणि मग मराठी. ‘लढाई-पढाई साथ साथ’ ही त्यांची घोषणा. शाळेचं घर बुडालं की गाव ते उचलून वर बांधायचं. काही शाळा अशा दोन-तीनदा वर सरकल्या. यातून शिकलेली मुलं पुढे शिक्षक झाली, ग्रामपंचायतीत निवडून आली. माझ्या मते आंदोलनाचं सगळ्यात टिकाऊ काम हेच.

विरोध करणाऱ्यांकडे पर्याय होता का?

धडगाव तालुक्यात बिलगाव इथे जाऊन कुणी २००३ मध्ये पाहिलं असतं तर त्याला उत्तर मिळालं असतं. उदई नदीच्या धबधब्यावर गावकऱ्यांनी श्रमदानाने छोटा बंधारा आणि चर खोदून १५ किलोवॉटचं जनित्र चालवलं. तंत्र केरळच्या तरुण इंजिनिअरांचं, दगड आणि घाम गावाचा. घराघरात दिवा लागला, शाळेत लागला. स्वातंत्र्यानंतर पहिल्यांदा. २००६ च्या पुरात ते सगळं पाण्याखाली गेलं.

कच्छ-सौराष्ट्राची तहान १५ किलोवॉटने भागत नाही, हे खरं आहे आणि तिथली तहानही खोटी नव्हती. पण ‘तुम्ही फक्त नाही म्हणता’ हा आरोप या गावांवर करू नये.

पुनर्वसन वसाहतींत लोक सुखी आहेत का?

तळोद्याचं सुमारे ४,२०० हेक्टर वनक्षेत्र दोन टप्प्यांत मोकळं करून सोमावल, रोझवा, रेवानगर, नर्मदानगर अशा वसाहती वसवल्या. पण ते रान मोकळं नव्हतं. दुसरे आदिवासी ते आधीपासून कसत होते. एका गरिबाला उठवून दुसऱ्याला बसवलं आणि दोघांची भांडणं लागली.

तरी आज वसाहतीत डांबरी रस्ता आहे, वीज आहे, मुलं कॉलेजला जातात, कुणाची केळी आहे, कुणाचा कापूस. बाळंतीण दवाखान्यात पोचते. हे छोटं नव्हे. त्याचवेळी मासे विकत, सरपण विकत, चारा विकत. मोहाची फुलं वेचायला महू नाहीत. डोंगरावर पैशाशिवाय चार महिने निघायचे, इथे चार दिवस निघत नाहीत. म्हातारी माणसं वसाहतीला ‘गाव’ म्हणत नाहीत, ‘प्लॉट’ म्हणतात.

मुळशीच्या सत्याग्रहाशी याचं काही नातं आहे का?

आहे. १९२१ ते १९२४ या काळात मुळशीच्या मावळ्यांनी सेनापती बापट यांच्या नेतृत्वाखाली टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला. घोषणा होती ‘जान किंवा जमीन’. तिथेही जमीन कुणाच्या नावावर आणि कसतंय कोण, हा प्रश्न मधे आलाच. पुण्यातले सावकार कागदोपत्री मालक, ते मोबदला घेऊन मोकळे झाले. कसणारा उघड्यावर. ‘आधी पुनर्वसन, मग धरण’ ही मागणी नंतर राज्यभरच्या धरणग्रस्तांनी लावून धरली आणि १९७६ मध्ये महाराष्ट्राला पुनर्वसनाचा कायदा करावा लागला.

आमच्या गावावर धरण येतंय असं ऐकलं आहे. पहिल्या महिन्यात काय करावं?

आधी कागद मिळवा. माहिती अधिकारात प्रकल्प अहवाल, बुडितक्षेत्राचा नकाशा आणि पूर्ण संचय पातळी, म्हणजे जलाशय भरल्यावर पाणी जिथवर चढेल तो आकडा, मागा. नकाशा मिळाला की तो गावात मोठा करून लावा आणि रेषा प्रत्यक्ष चालून बघा.

मग स्वतःची मोजणी. एक शंभर पानी वही पुरते. घरटी पान: कोण राहतं, वयं काय, बायकांची नावं स्वतंत्र, सातबारा असला-नसला तरी कसत असलेली जमीन, विहीर, झाडं, गुरं, जंगलातून काय आणता, गुरचरण कुठे, स्मशान कुठे, देव कुठे. शहरात कामाला गेलेले मुलगे विसरू नका, सगळ्यात आधी तेच सुटतात. पानाखाली सही किंवा अंगठा आणि दोन शेजाऱ्यांची साक्ष. घराचे-शेताचे फोटो तारखेसह. ही वही ग्रामसभेत वाचून ठरावाला जोडा.

वनजमीन कसत असाल तर २००६ च्या वनहक्क कायद्याखालचे दावे, वैयक्तिक आणि सामूहिक दोन्ही, आजच दाखल करा. भूसंपादनाची वाट बघू नका.

२०१३ च्या भूसंपादन कायद्यात सामाजिक परिणामांचा अभ्यास आणि जनसुनावणी आहे. मात्र महाराष्ट्राने २०१८ मध्ये केलेल्या दुरुस्तीमुळे काही प्रकल्पांना त्यातून सूट मिळू शकते, म्हणून अधिसूचना शब्दन्‌शब्द वाचून घ्या. प्राथमिक अधिसूचनेनंतर हरकतीसाठी ६० दिवस असतात. प्रत्येक खातेदाराने वेगळी हरकत द्यावी आणि पोच घ्यावी. पोच नसलेला अर्ज दिलेलाच नाही असं समजा. अनुसूचित क्षेत्रात असाल तर ग्रामसभेची पूर्वसंमती हा तुमचा हक्क आहे. मोबदला घ्यायची वेळ आलीच तर हरकत नोंदवूनच घ्या.

आणि गावात दोन मतं असतील तर ती सभेत बोलू द्या. दाबलेलं मत रात्री दलालाच्या गाडीत जाऊन बसतं.

मग आंदोलन हरलं का?

धरण झालं, ते थांबलं नाही. पण ४५६ ची चार हजारांवर कुटुंबं कशी झाली, याचं उत्तर त्या रात्रीच्या बैठकांत आहे. जमिनीच्या बदल्यात जमीन हे तत्त्व हजारो घरांपर्यंत पोचलं ते त्या माणसांमुळे. याला हार म्हणायचं की जीत, ते मी ठरवत नाही.

मूळ गावांत आज कोणी राहतं का?

हो. बुडिताच्या रेषेच्या वर, डोंगराच्या अंगावर अजून कितीतरी घरं आहेत. कुणाची जमीन टापू झाली आहे, चारी बाजूंनी पाणी आणि मधे शेत. उन्हाळ्यात पाणी ओसरलं की उघड्या पडलेल्या गाळात गाळपेर करतात. जलाशयात मासेमारी चालते. दवाखाना येतो तोही बोटीवरून.

मागच्या खेपेला एका नावाड्याने आम्हाला पलीकडे नेलं. भर पाण्यात त्याने इंजिन बंद केलं. मला वाटलं, काही बिघडलं. तो म्हणाला, “इथे माझं घर. दहा-बारा पुरुष पाणी असेल.” मग हाताने दाखवलं: इथे गोठा, तिथे आंबा, त्या अंगाला भावाचं घर. मी विचारलं, जमीन मिळाली का? म्हणाला, “मला मिळाली, तळोद्याला. भावाचं नाव अजून अघोषितात आहे.” आणि त्याने इंजिनाची दोरी ओढली.